फान्तोत्सी पहिल्यांदा पाहताय? कुठून सुरुवात करावी, काय ऐकावं, काय टाळावं

मिलानमधल्या नोकरीत रुजू होऊन मला तीनच आठवडे झाले होते. ऑफिसची रविवारची सहल ठरली, सगळे डबे घेऊन तळ्याकाठी पोचलो आणि सतरंज्या पसरताक्षणी पाऊस सुरू झाला. समोरच्या काठावर लख्ख ऊन होतं. तीन-चार जण एकदम म्हणाले, "ला नूवोला दी फान्तोत्सी!" म्हणजे फान्तोत्सीचा ढग. सगळे मनापासून हसले. हा फान्तोत्सी कोण, हे मला कळेना.

त्याच रात्री मी त्या नावाचा हाताला लागेल तो सिनेमा लावला आणि अर्ध्या तासात बंद केला. एक जाडा माणूस पडतो, आपटतो, पुन्हा पडतो, एवढंच दिसलं. पुढे सहा महिन्यांनी शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्कर सहकाऱ्याने नीट सांगितलं की आधी कुठला पाहायचा आणि पाहताना लक्ष कुठे ठेवायचं. तेव्हा मला कळलं की इटलीत ऑफिसमधल्या माणसाच्या हालअपेष्टांबद्दल बोलायची एक अख्खी भाषाच या सिनेमांनी घडवली आहे. 'फान्तोत्सियानो' हे विशेषण तिथल्या शब्दकोशांत आहे. वरिष्ठांपुढे लाचार होणारा, नशिबाने गांजलेला आणि तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला हजर होणारा, असा त्याचा अर्थ.

माझे ते सहा महिने वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

- 'फान्तोत्सी' (1975) आणि 'इल सेकोन्दो त्राजिको फान्तोत्सी' (1976) हे दोन सिनेमे. दोन्हींचे दिग्दर्शक लुचानो साल्चे. दुसऱ्याच्या नावाचा अर्थ 'दुसरा शोकात्म फान्तोत्सी'.
- दोन्हींचा मूळ इटालियन आवाज असलेली प्रत. डब केलेली अजिबात नको. कारण तिसऱ्या पायरीत येईल.
- सबटायटल. इंग्रजी चालतील. फाइल वेगळी घेतलीत तर सिनेमाच्या एकूण वेळेशी जुळते का ते आधी तपासा. निवेदन सतत चालू असतं, त्यामुळे दोन सेकंदांचा फरकही पुरा विचका करतो.
- दोन मोकळ्या संध्याकाळी. प्रत्येक सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास आहे. दोन्ही एका बैठकीत पाहू नका.
- जमलं तर सोबत एखादं माणूस, शक्यतो नोकरी केलेलं. मोठ्या ऑफिसात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

नावाच्या उच्चाराचंही सांगून टाकते. लिहिताना त्यात दोन झेड असले तरी इटालियन लोक तिथे 'त्स' म्हणतात, पित्सामध्ये म्हणतात तसंच. 'फँटोझी' म्हटलंत तर समोरच्याला कळायला क्षणभर वेळ लागेल.

1. आधी माणूस समजून घ्या

हा सगळा डोलारा पाओलो विलाज्जो या एका माणसाने उभा केला. जन्म जेनोव्हातला, 1932 सालचा. साठच्या दशकात तो पोलाद उद्योगाशी जोडलेल्या एका मोठ्या कंपनीत कारकुनी करत होता. साहेब केबिनमधून बाहेर आला की कोण कसा उभा राहतो, बढतीची यादी लागायच्या आठवड्यात कोणाचा आवाज कसा बदलतो, हे त्याने टेबलापलीकडून पाहिलं होतं. पुढे तो टीव्हीवर आला, फान्तोत्सीच्या गोष्टी 'लेउरोपेओ' या साप्ताहिकात लिहू लागला. 1971 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि चार वर्षांनी सिनेमा. फान्तोत्सीची भूमिकाही त्यानेच केली आणि सिनेमाचं निवेदनही त्याच्याच आवाजात आहे. 1992 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने त्याला कारकिर्दीसाठी सुवर्णसिंह दिला. 2017 मध्ये तो गेला.

काळही लक्षात असू द्या. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत कारखाने आणि कंपन्या झपाट्याने वाढल्या, खेड्यांतली माणसं शहरांत आली. 'पोस्तो फिस्सो' म्हणजे पक्की नोकरी मिळवणं हे घराघरातलं स्वप्न झालं. 1970 मध्ये तिथे कामगारांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. म्हणजे 1975 मधल्या फान्तोत्सीची नोकरी तशी सुरक्षित आहे. पगार येतो, घर आहे, छोटी बिआंकीना गाडी आहे. त्याला कोणी उपाशी मारत नाही. तरी तो रोज थोडा थोडा लहान होत जातो. हा सिनेमा त्याबद्दल आहे.

2. पदव्यांची यादी कागदावर लिहून घ्या

हे वेळखाऊ वाटेल, पण पाच मिनिटं द्याच. पात्रं एकमेकांना नुसत्या नावाने जवळजवळ कधीच हाक मारत नाहीत.

*राजोनिएरे*: हिशेबनीस. फान्तोत्सी आणि त्याचा जाड भिंगाचा सहकारी फिलिनी हे दोघे राजोनिएरे. शाळेच्या पातळीवरच्या व्यावसायिक शिक्षणातून मिळणारी ही पदवी. पण इटलीत ती नावाआधी लागते आणि जन्मभर लागते.

*जेओमेत्रा*: मोजणी-बांधकामाचं शिक्षण घेतलेला. काल्बोनी हा जेओमेत्रा. गुळगुळीत बोलणारा, वरिष्ठांच्या गळ्यात पडणारा.

*सिन्योरीना*: कुमारी. सिन्योरीना सिल्वानीवर फान्तोत्सीचं मन जडलेलं असतं.

*मेगादित्ता*: महाकंपनी. तिथे नेमकं काय बनतं ते कळत नाही आणि तिथल्या माणसांनाही त्याची फिकीर नाही.

*उफ्फीचो सिनीस्त्री*: फान्तोत्सीचा विभाग. विम्याच्या भाषेत 'सिनीस्त्रो' म्हणजे अपघात, दुर्घटना. त्याच शब्दाला अशुभ असाही अर्थ आहे. ही कोटी सबटायटलमध्ये हरवते, म्हणून आधीच सांगितली.

*मेगादिरेत्तोरे गालात्तिको*: शब्दशः आकाशगंगेचा महासंचालक. सगळ्यांच्या वरचा. खालच्या माणसांनी त्याला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या ऑफिसात माणसाच्या कातडीची खुर्ची आहे अशी कुजबुज असते.

वरच्या लोकांच्या नावांआधी संक्षिप्त पदव्यांची भली मोठी माळ असते. डॉक्टर, इंजिनिअर, सरदार, उमराव वगैरे. नीट ऐकलं तर त्यात मध्येच अर्धवट तोडलेल्या शिव्या सापडतात, त्याही मानाच्या पदवीच्या थाटात. लोक त्या अदबीने उच्चारतात. पाटीवर लिहिलेलं काहीही वाचायची सवय जडलेल्या माणसांचं इतकं अचूक चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

3. पाहण्याआधी ऐका

या लेखातली एकच गोष्ट तुम्ही पाळणार असाल तर ही पाळा. फान्तोत्सी हा कानाने पाहायचा सिनेमा आहे.

पहिली गोष्ट निवेदन. पडद्यावर फान्तोत्सीची फजिती चाललेली असते आणि वरून त्याचाच आवाज तृतीय पुरुषात बोलत असतो: "फान्तोत्सी उठला", "फान्तोत्सीने प्रयत्न केला". आवाजात ना रड, ना राग. सरकारी अहवालाचा सूर, वेळांचे चोख आकडे आणि मध्येच एखादं महाकाव्यात शोभेल असं विशेषण. माणूस स्वतःच्या दुःखाची नोंद खात्याच्या नोंदवहीत करतो आहे. त्याच्याकडे दुसरी भाषा उरलेलीच नाही. हे एकदा कानाला जाणवलं की पडण्या-आपटण्याचे प्रसंग वेगळेच दिसायला लागतात.

दुसरी गोष्ट आदरार्थी बोलणं. इथे मराठी माणूस इंग्रजी माणसाच्या कितीतरी पुढे असतो. इटालियनमध्ये 'तू'साठी 'तू'च आहे आणि आदराने बोलताना 'लेई' वापरतात. 'लेई'बरोबर क्रियापदाचं रूप बदलतं, आपल्याकडे 'तू ये' आणि 'तुम्ही या' असा फरक होतो तसंच. फान्तोत्सी आणि फिलिनी अनेक वर्षं एकत्र काम करूनही 'लेई'वरच आहेत. आणि आदर दाखवायच्या धांदलीत ती रूपं सतत चुकवतात.

पहिल्या सिनेमात दोघे रविवारी पहाटे 6 वाजता दाट धुक्यात टेनिस खेळायला जातात. फिलिनीला विचारायचं असतं की सर्व्हिस तुम्ही करताय का. तो म्हणतो, "बात्ती?" हे 'तू'चं रूप. फान्तोत्सी चपापतो: मला अरेतुरे करताय? फिलिनी घाईने सावरतो: नाही नाही, "बात्ती लेई?" सर्वनाम आदराचं, क्रियापद तेच. फान्तोत्सीचं लगेच समाधान होतं: अच्छा, कोन्जुन्तीवो! (म्हणजे साधारण आपला विध्यर्थ.) ते रूप कोन्जुन्तीवो नसतंच, पण चुकीच्या रूपाला व्याकरणातलं भारदस्त नाव मिळाल्यावर दोघेही निश्चिंत होतात.

मराठीत सांगायचं तर असं:

"काय राजोनिएरे, मारतोस?"
"म्हणजे... मला अरेतुरे करताय?"
"छे छे! मी म्हटलं, तुम्ही मारतोस?"
"अच्छा, विध्यर्थ!"

मला दिसलेल्या इंग्रजी सबटायटलमध्ये यातलं काहीच उरलेलं नव्हतं. इंग्रजीत 'यू' एकच, त्यामुळे भाषांतरकार बिचारा करणार तरी काय. डब केलेली प्रत नको म्हटलं ते यासाठी. 'वेन्गी', 'वादी', 'फाच्ची' ही रूपं कानावर आली की समजा, माणूस नम्र व्हायला जातोय आणि धडपडतोय. बरोबर रूपं 'वेन्गा', 'वादा', 'फाच्चा' अशी आहेत. एवढं लिहून ठेवा, इटालियन शिकायची गरज नाही.

तिसरी गोष्ट एक वाक्य: "कोम ए उमानो लेई!" किती माणुसकी आहे आपल्यात! वरिष्ठ जेव्हा सगळ्यात क्रूर वागतो तेव्हा खालचा माणूस हे म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.

4. पहिला सिनेमा: कथानक शोधू नका

नव्या प्रेक्षकाची इथे हमखास गफलत होते. वीस मिनिटं झाली, गोष्ट पुढे का सरकत नाही, असं वाटू लागतं. मूळ लेखन सुट्या गोष्टींचं आहे आणि सिनेमाही तसाच बांधला आहे. एकेक प्रसंग स्वतंत्र. प्रसंग संपला की हवं तर थांबा, पाणी प्या, पुढचा लावा.

सुरुवातच पाहा. फान्तोत्सीची बायको पीना कंपनीत फोन करते. नवरा 18 दिवस घरी आलेला नाही, काही कळलं का? संकोचत विचारते, त्रास दिल्याबद्दल माफी मागितल्यासारखी. शोध घेतल्यावर कळतं की ऑफिसातले जुने संडास भिंत बांधून बंद केले तेव्हा तो आतच राहिला होता. अठरा दिवस ऑफिसात कोणाला त्याची उणीव भासली नव्हती.

मग येतो सकाळचा प्रसंग. साडेआठची हजेरी गाठायला फान्तोत्सी एके काळी सव्वासहाला उठायचा. 16 वर्षांच्या प्रयोगांनंतर त्याने ही वेळ 7 वाजून 51 मिनिटांवर आणली आहे. अंथरूण, तोंड धुणं, कॉफी, कपडे, सगळं सेकंदावर बेतलेलं. आणि एके दिवशी बुटाची नाडी तुटते. पुढे तो बाल्कनीतून खालच्या उन्नत रस्त्यावर उतरून धावती बस पकडायला जातो. विरारची 8:17 किंवा डोंबिवलीची फास्ट ज्यांनी पकडली आहे त्यांना या हिशेबाची ओळख करून द्यायला नको. माझे बाबा 31 वर्षं तो हिशेब करत होते. हा प्रसंग मी त्यांना दाखवला तेव्हा ते हसले नाहीत. "नाडी नाही, आमचं पासाचं पाकीट असायचं," एवढंच म्हणाले.

यापुढे तीन प्रसंगांकडे विशेष लक्ष द्या.

फुटबॉल. विवाहित विरुद्ध अविवाहित असा ऑफिसचा सामना. चिखलाने भरलेलं मैदान, आणि कारकुनांच्या सुट्टीच्या दिवसाची वाट पाहत दबा धरून बसलेला तो ढग. आमच्या सहलीच्या दिवशी सगळ्यांना आठवला तो हाच.

बिलियर्ड. कातेल्लानी नावाच्या साहेबाला या खेळाचा नाद असतो आणि बढती हवी असेल तर त्याच्याकडून हरावं लागतं. फान्तोत्सी चोरून शिकवणी लावतो. घरी पीनाला वाटतं की बाहेर दुसरी कोणी आहे. सामन्यात तो ठरल्याप्रमाणे हरत असतो आणि साहेब प्रत्येक फटक्याला त्याचा अपमान करत असतो, तेही पीनाच्या समोर. मग एका क्षणी तो जिंकायला लागतो. त्या वेळी खेळाकडे पाहू नका, पीनाच्या चेहऱ्याकडे पाहा. लिऊ बोसीसिओने ही भूमिका फार संयमाने केली आहे.

तिसरा प्रसंग नाताळचा, त्याला स्वतंत्र पायरी हवी.

5. मारियांजेलाच्या प्रसंगापाशी थांबा

फान्तोत्सीची मुलगी मारियांजेला दिसायला कुरूप आहे, असा विनोद मालिकाभर चालतो. ही भूमिका प्लिनिओ फेर्नांदो या पुरुष नटाने केली आहे. आज हा विनोद बोचतो आणि बोचायलाच हवा. त्या काळचा म्हणून तो गिळावा असं मी म्हणणार नाही. बायकांकडे पाहायची नजरही अनेक ठिकाणी अशीच जुनी आहे. घरात लहान मुलं असतील तर हे आधी लक्षात घ्या.

पण नाताळच्या समारंभाचा प्रसंग टाळू नका. कंपनीत कर्मचाऱ्यांच्या मुलांना बोलावलेलं असतं. वरचे साहेब मारियांजेलाला कविता म्हणायला लावतात आणि तिला 'चीता' म्हणत खिदळतात. टारझनच्या सिनेमांतल्या माकडाचं ते नाव. फान्तोत्सी येतो, साहेबांना नाताळच्या शुभेच्छा देतो आणि मुलीचा हात धरून तिला बाहेर घेऊन निघतो. जाता जाता ती विचारते, बाबा, मला चीता का म्हणतात? चीता कोण? आणि तो सांगतो: चीता हेवर्थ, एक अतिशय सुंदर अमेरिकन अभिनेत्री.

रीटा हेवर्थ हे नाव इटलीत तेव्हा घरोघरी माहीत होतं. त्या घाईत त्याला तेवढंच सुचतं. दिवसभर जो माणूस वरच्यांसाठी खोटं हसतो, तो इथे एकदाच स्वतःच्या माणसासाठी खोटं बोलतो. मुलीचा चेहरा खुलतो आणि दोघे हातात हात घालून निघून जातात. फान्तोत्सीला मूर्ख समजून हसणाऱ्यांना मी हा प्रसंग पुन्हा लावून दाखवते.

6. पहिल्याचा शेवट: बंडाचं काय होतं ते नीट पाहा

शेवटाकडे फान्तोत्सीचा सिल्वानीबाबत पुरता भ्रमनिरास होतो. फोलाग्रा नावाचा डाव्या विचारांचा सहकारी त्याला पुस्तकं देतो. फान्तोत्सी ती वाचतो आणि त्याला कळतं की आपल्याला आयुष्यभर फसवलं गेलं. तो कंपनीच्या काचेवर दगड भिरकावतो. मग बोलावणं येतं, थेट आकाशगंगेच्या महासंचालकाकडून.

वर पोचल्यावर काय दिसतं? संन्याशाच्या कोठडीसारखी साधी खोली. महासंचालक शांत, मृदू, एकेका शब्दावर विचार करणारा. पाओलो पाओलोनी या नटाने हा माणूस इतक्या हळू आवाजात उभा केला आहे की त्याची भीती उशिरा वाटायला लागते. तो म्हणतो, मीसुद्धा सुधारणेच्या बाजूचाच आहे, सद्भावनेच्या माणसांनी एकत्र बसून सर्वांचं एकमत होईपर्यंत चर्चा करायला हवी. फान्तोत्सी म्हणतो, पण महाराज, त्याला निदान हजार वर्षं लागतील! आणि उत्तर येतं: मी थांबू शकतो.

या एका वाक्याखाली सिनेमातला सगळा उघडा जुलूम झाकला जातो. ओरडणारा साहेब परवडला. ज्याच्याकडे वेळच वेळ आहे अशा साहेबापुढे दगडाचा काही उपयोग नाही. त्यानंतर माशांच्या टाकीचा प्रसंग येतो. महासंचालकाच्या काचेच्या टाकीत मासे नसतात, कर्मचारी पोहत असतात. फान्तोत्सी त्यांत सामील होतो, कृतज्ञतेने.

7. दुसरा सिनेमा: तो प्रसिद्ध तुकडा एकटा पाहू नका

दुसऱ्या सिनेमातला एक तुकडा तुम्हाला सुटा कुठेतरी भेटेलच. फान्तोत्सी व्यासपीठावर उभा राहून म्हणतो की 'युद्धनौका कोत्योमकिन' हा सिनेमा म्हणजे भयंकर टाकाऊ चीज आहे (मूळ शब्द याहून बराच अस्सल आहे), आणि सभागृह 92 मिनिटं टाळ्या वाजवत राहतं. सुटा पाहिलात तर तो अभिजात सिनेमाला शिवी देणारा, सामान्य माणसाच्या विजयाचा तुकडा वाटतो. तसा तो नाही.

आधीचं पाहा. प्राध्यापक रिकार्देल्ली हा सिनेमाचा कट्टर भक्त अधिकारी कर्मचाऱ्यांना कामानंतर जबरदस्तीने जुने मूक सिनेमे दाखवतो आणि चर्चा करायला लावतो. त्या संध्याकाळी इटली-इंग्लंड सामना असतो. फान्तोत्सीने घरी सगळी तयारी केलेली असते: कांद्याचं मोठं ऑम्लेट, थंडगार बिअरची मोठी बाटली, सैल कपडे. तेवढ्यात फोन वाजतो आणि सगळ्यांना सिनेमा पाहायला बोलावलं जातं. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या 1925 च्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या मूकपटाचं नाव इथे बदलून घेतलं आहे आणि पायऱ्यांचा प्रसिद्ध प्रसंग साल्चेने स्वतः नव्याने चित्रित केला आहे. आपल्याकडे फिल्म सोसायट्यांत ज्यांनी मूळ सिनेमा पाहिला असेल त्यांना ही नक्कल किती बारकाईने केली आहे ते लगेच जाणवेल. पाहिला नसेल तर निदान पायऱ्यांवरून घरंगळणाऱ्या बाबागाडीचा प्रसंग आधी पाहून घ्या.

आणि पुढचंही पाहा. बंड होतं, कर्मचारी रिकार्देल्लीलाच सवंग सिनेमे बघायला लावतात, त्याची आवडती रिळं जाळली जातात. मग पोलीस येतात. शिक्षा अशी की दर शनिवारी दुपारी सगळ्या कर्मचाऱ्यांनी तोच पायऱ्यांचा प्रसंग स्वतः करून दाखवायचा, निवृत्त होईपर्यंत. फान्तोत्सी त्या बाबागाडीत बसतो.

पहिल्यात दगड मारला, माशांच्या टाकीत गेला. दुसऱ्यात ओरडला, बाबागाडीत गेला. हे दोन शेजारी ठेवून पाहिले की टाळ्यांचा आवाज बदलतो. विलाज्जोचा राग सिनेमावर नाही. चांगली गोष्टसुद्धा हुकूम म्हणून लादली की माणूस तिचा कसा शत्रू होतो, ते तो दाखवतो. ऑफिसच्या वेळेनंतर सक्तीच्या 'प्रेरणादायी' कार्यक्रमाला बसलेल्या कोणालाही हे पटेल.

बाकी दुसऱ्या सिनेमात शिकारीचा प्रसंग आहे, जहाजाच्या जलावतरणाचा आहे, जुगाराच्या अड्ड्यावरचा आहे. काही लांबतात. ते पुढे ढकललेत तरी चालेल.

8. कुठे थांबायचं

एकूण दहा सिनेमे आहेत, शेवटचा 1999 चा. तिसऱ्यापासून साल्चे नाही. नेरी पारेन्ती दिग्दर्शक म्हणून आला आणि हळूहळू पडणं-आपटणं वाढलं, ऑफिस कमी झालं. मी सुरुवातीला अर्ध्या तासात बंद केलेला याच उतारावरचा होता. त्यामुळे उलट्या क्रमाने किंवा मधूनच सुरू करू नका.

तिसरा, म्हणजे 1980 चा 'फान्तोत्सी कोन्त्रो तुत्ती', एका प्रसंगासाठी जरूर पाहा. नव्या संचालकाला सायकलींचं वेड असतं आणि अख्ख्या ऑफिसला शर्यतीत उतरावं लागतं. पीनाच्या भूमिकेत इथे मिलेना वुकोतिच आली आहे आणि पुढच्या बहुतेक सिनेमांत तीच आहे. 'तुझं माझ्यावर प्रेम आहे का?' या फान्तोत्सीच्या प्रश्नाला 'उगो (हे त्याचं पहिलं नाव), मला तुझ्याबद्दल फार आदर आहे' असं उत्तर देणारी ही बायको या मालिकेतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र आहे.

त्याऐवजी बाजूला वळायचं असेल तर दोन नावं देते. एर्मान्नो ओल्मीचा 'इल पोस्तो' (1961): मिलानमधल्या मोठ्या कंपनीत पहिली नोकरी धरणाऱ्या पोराची शांत, कोवळी गोष्ट. स्वतः ओल्मीने एदिसोन कंपनीत नोकरी केली होती. फान्तोत्सी विशीत कसा असेल ते इथे दिसतं. दुसरा मारिओ मोनिचेल्लीचा 'उन बोर्गेसे पिक्कोलो पिक्कोलो' (1977). त्यात आल्बेर्तो सोर्दी मुलाला सरकारी नोकरीत चिकटवण्यासाठी धडपडणारा कारकून झाला आहे. सुरुवात विनोदी, पण पुढे तो फार काळोखात जातो. मन थकलेलं असेल त्या दिवशी लावू नका.

नेहमीच्या चुका, थोडक्यात

इटालियन सहकाऱ्याला 'तू अगदी फान्तोत्सी आहेस' असं म्हणू नका. तो स्वतःला म्हणेल, ते वेगळं. दुसऱ्याने म्हटलेलं लागतं. 'फान्तोत्सीचा ढग' मात्र कुठल्याही फसलेल्या सहलीला बिनधास्त म्हणा.

'कोम ए उमानो लेई' हे वाक्य साहेबासमोर गंमत म्हणून वापरू नका. त्यालाही सिनेमा पाठ असतो.

आणि पहिला सिनेमा एकदा पूर्ण पाहिल्यावर आठवड्याभराने महासंचालकाच्या खोलीतला प्रसंग पुन्हा लावा, या वेळी सबटायटल बंद करून. अर्थ तुम्हाला आता माहीत आहे. दोन आवाज ऐका. एक घाबरलेला, चुकीच्या रूपांवर अडखळणारा. दुसरा इतका सौम्य, की कान पुढे करून ऐकावा लागतो.